हिरवं शून्य

१ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. कुणालाही दाखवायची नाही, हिला तर नाहीच. संकल्प तीन. रोज ऑफिसला सायकलने जाणे. साखर बंद. आणि कुणी टोमणा मारला तर उत्तर न देता मंद हसणे, कारण मोठ्या पदावरची माणसं तसंच करतात.

आज सकाळी औष्णिक केंद्राची शेवटची भट्टी बंद झाली. खटका साहेबांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, ओढला, पण साहेबांचा हात खटक्यापर्यंत मी नेला. फोटोत माझं कोपर आलं आहे. माझ्या जन्माच्या आधीपासून धूर ओकणारी ती चिमणी दुपारपर्यंत गप्प झाली. मी उत्सर्जन नियंत्रण कक्षाचा उपसंचालक. संचालकाची खुर्ची डिसेंबरात रिकामी होते आहे, एवढंच इथे नोंदवून ठेवतो.

ऑफिसात भिंतभर पडदा लावला आहे. चिमणीच्या तोंडाशी बसवलेल्या सेन्सरचा आकडा त्यावर थेट दिसतो. शहरात सेन्सर तो एकच, पण अगदी परदेशी. दुपारी आकडा उतरत उतरत शून्यावर आला आणि हिरवा झाला. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. डोळे भरून आले, खोटं कशाला लिहू.

सायकल पंक्चर निघाली. उद्यापासून. चहात साखर घेतली, समारंभ होता म्हणून.

४ सप्टेंबर

संध्याकाळी साडेसहाला वीज गेली. अपेक्षितच होतं. सोलर पार्क सूर्य असेपर्यंत वीज देतो, नसला की देत नाही. यात लपवण्यासारखं काही नाही. अंधारात वापरायची वीज ज्या बॅटऱ्यांत साठवायची त्या बंदरात पडून आहेत. टेंडरमध्ये बॅटऱ्या मागवल्या होत्या, जोडणी मागवायची राहिली. तो विषय आमचा नव्हे, साठवण कक्षाचा. साठवण कक्ष अजून स्थापन व्हायचा आहे.

बाबा अंधारात खुर्चीवर बसून म्हणाले, आधी बॅटऱ्या आणायच्या आणि मग भट्टी बंद करायची, असा क्रम नसतो का? मी म्हणालो, दोन्ही कामं समांतर चालू आहेत. बाबा म्हणाले, सहावीत तू परीक्षा झाल्यावर गणिताचं पुस्तक विकत आणलंस, तेही समांतरच होतं म्हणायचं.

मंद हसलो. अंधारात दिसलं नसावं.

बाबांचं वय एकोणऐंशी. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. अर्ध्या शहराचे जुने नंबर आजही तोंडपाठ, आणि माझ्या सगळ्या चुका तारखेसकट. अशा माणसाबरोबर राहायचं म्हणजे घरात लेखापरीक्षक पाळल्यासारखं आहे. पण माझे बाबा आहेत. आई गेल्यावर त्यांनीच माझे डबे भरले, बूट पुसले. एकदा नोंदवलं, पुन्हा लिहायची गरज नाही.

११ सप्टेंबर

शहरात जनरेटरच जनरेटर. दुकानांसमोर, दवाखान्यांसमोर, फुटपाथवर. सूर्य मावळला की गल्ल्यागल्ल्यांतून घरघर सुरू होते आणि साऱ्या शहराला दम लागल्यासारखा वाटतो. आमच्या इमारतीनेही बैठक घेऊन एक घेतला. मी तत्त्वतः विरोध नोंदवला आणि फ्रीजचं कनेक्शन घेतलं. जनरेटर मागच्या अंगणात ठेवलाय, पत्र्याखाली.

ऑफिसात प्रश्न आला, या जनरेटरांचा धूर मोजायचा का? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तिथल्या तिथे कलम लिहिलं. लहान जनरेटर हा उत्सर्जनाचा स्रोत नसून घरगुती उपकरण आहे. मिक्सरसारखा. साहेबांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि सही केली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पडद्यावर शून्य. हिरवं.

सायकलने निघालो होतो. चढ लागला.

२३ सप्टेंबर

मोठी बातमी. आंतरराष्ट्रीय मूल्यमापन समिती अठरा नोव्हेंबरला येते आहे. समाधान झालं तर आपलं शहर अधिकृत शून्य-उत्सर्जन शहर, निधी मोकळा, आणि इतर देशांतली शहरं आपल्याकडे शिकायला येणार. साहेब म्हणाले, हे यशस्वी झालं तर माझ्यानंतर कोण, हा प्रश्नच उरत नाही.

समिती ज्या रस्त्यांवरून फिरेल त्याला मूल्यमापन मार्ग म्हणायचं ठरलं. हा शब्द माझा. मार्ग आमच्या घरावरून जातो. योगायोगच म्हणायचा, नकाशा मी काढला असला तरी.

हिला सांगितलं. ही म्हणाली, मग त्या मार्गावरची काजळी तेवढी पुसून घ्या, खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं की नखं काळी होतात. बायकांना मोठं चित्र दिसत नाही. कठडा पुसला. फडकं काळं झालं.

५ ऑक्टोबर

परिपत्रक काढलं. मूल्यमापन मार्गावरून दिसेल अशा जागी जनरेटर ठेवू नये. चार ओळींचं, पण त्यात जान आहे. आठवड्याभरात फुटपाथ मोकळे झाले. जनरेटर गेले कुठे, असं साहेबांनी विचारलं. मी म्हणालो, आत. दुकानांच्या मागच्या खोल्यांत, जिन्याखाली, तळघरांत. साहेब म्हणाले, छान, शहर किती स्वच्छ दिसतंय.

आदर्श घालून द्यावा म्हणून आमचा जनरेटर स्वतः उभा राहून तळघरात हलवला. तळघर बाबांच्या खोलीच्या बरोबर खाली. तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई खाली आल्या आणि म्हणाल्या, धुराचा पाइप गच्चीपर्यंत न्या. मी म्हणालो, तो रस्त्यावरून दिसेल. भिंतीला आत्ताच पांढरा रंग दिलाय. पाइप मधल्या डक्टमध्ये सोडायला सांगितला. वायरमन म्हणाला, कबुतरं येतात म्हणून डक्टला वरून पत्रा ठोकलाय, आणि तुमच्या बाबांच्या न्हाणीघराची खिडकी त्या डक्टमध्येच उघडते. मी म्हणालो, धूर हलका असतो, तो आपली वाट काढतो.

दंतवैद्यबाई म्हणाल्या, त्यातला जो विषारी वायू असतो त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. मी म्हणालो, मग तर चिंताच मिटली. त्यांना विनोद कळत नाही. दातांचा धंदा.

१० ऑक्टोबर

बाबांचं डोकं दुखतं. संध्याकाळी सुरू होतं, सकाळी बागेत फिरून आले की थांबतं. चष्म्याचा नंबर वाढला असणार. सवड काढून दाखवून आणणे.

काजळी आत येते म्हणून डक्टकडची सोडून घराच्या सगळ्या खिडक्यांना रबरी पट्ट्या लावून घेतल्या. आता पडदे स्वच्छ. हिने स्वयंपाकघराची खिडकी लावू दिली नाही. म्हणाली, मला श्वास घ्यायचा असतो. हट्टी आहे.

१६ ऑक्टोबर

बाबांच्या खोलीत भिंतीच्या कडेला दोन पाली मरून पडलेल्या. त्यांच्या न्हाणीघरातली झुरळंही गेली. कित्येक वर्षं औषधं मारून जे झालं नाही ते आपोआप झालं. खिडक्या बंद ठेवण्याचे फायदे, यावर कार्यालयीन अंकासाठी छोटा लेख होऊ शकतो.

बाबांचा चेहरा मात्र गुलाबी दिसतोय. गालांवर लाली. ऑफिसातल्यांना सांगितलं, वडिलांची तब्येत सुधारते आहे.

साखर: दोन चमचे. तणाव.

२१ ऑक्टोबर

पेपरात आतल्या पानावर. बाजारातल्या बेकरीतले दोन कामगार भट्टीमागच्या खोलीत झोपले ते उठलेच नाहीत. खोलीत जनरेटर होता. विषबाधा असावी, शिळं काहीतरी खाल्लं असेल. आमच्या कक्षाचा विषय नाही. पान उलटलं.

दुपारी त्या बेकरीवरून गाडी गेली. शटर अर्धं खाली होतं आणि समोर बरीच माणसं उभी होती. ड्रायव्हरने गाडीचा वेग कमी केला. मी म्हणालो, चला, उशीर होतोय.

ऑफिसात पोचल्याबरोबर पडदा पाहिला. शून्य. तेव्हा कुठे बरं वाटलं.

२७ ऑक्टोबर

दिवस लहान होत चाललेत. यावर विभागाचं नियंत्रण नाही. आता साडेपाचलाच जनरेटर लावावा लागतो आणि तो बराच वेळ चालतो. जमीन बारीक थरथरते. बाबांच्या टेबलावरचा पेला सरकत सरकत कडेला येतो. बाबा तो पुन्हा मध्ये ठेवतात. हल्ली ते जास्त बोलत नाहीत, त्या पेल्याकडे बघत बसतात.

ही म्हणाली, बाबांना काही दिवस ताईंकडे पाठवू या. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, शहराबाहेर राहते, मोकळं घर. ही म्हणाली, अहो, त्यांना इथे काहीतरी होतंय. काल ते आपल्याच न्हाणीघराचं दार शोधत होते. मी म्हणालो, वय झालंय. ही म्हणाली, गेल्या महिन्यात नव्हतं झालं का? मी मंद हसलो. हिने बॅग काढली आणि बाबांचे कपडे भरायला घेतले.

बॅग भरून दाराशी ठेवली आहे. ठीक आहे. जाऊ देत. बदल होईल.

३० ऑक्टोबर

समितीचं पत्र. त्यांना एक सर्वसाधारण घर आतून बघायचं आहे, ज्यात ज्येष्ठ नागरिक राहतो, म्हणजे स्वच्छ ऊर्जेचा लाभ सर्व वयांना मिळतो हे दिसेल. साहेबांनी विचारलं, असं घर कोणाचं आहे? माझा हात कधी वर गेला मलाही कळलं नाही.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. फक्त अठरापर्यंत थांबा. ही आत निघून गेली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, तुझ्या बढतीचं आहे ना? मी हो म्हणालो. म्हणाले, मग थांबतो, ताईकडे काय, नंतरही जाता येईल.

बॅग पलंगाखाली सरकवली. बाबांचा अभिमान वाटला. एकोणीस तारखेला सकाळी स्वतः नेऊन पोचवणार. हा संकल्प इतर संकल्पांसारखा नाही.

३ नोव्हेंबर

तालीम क्र. १. बाबांना समितीसमोर एकच वाक्य म्हणायचं आहे. ते मी लिहून दिलं. आता आमच्या घरात धूर येत नाही, आणि आम्हाला चांगली झोप लागते. सोपं, भावस्पर्शी.

बाबा म्हणाले, आता आमच्या घरात झोप येत नाही.

मी म्हणालो, बाबा, चेष्टा पुरे. ते म्हणाले, चेष्टा नाही केली, पुन्हा सांग. ज्याला अर्ध्या शहराचे नंबर पाठ आहेत त्याला एक वाक्य येत नाही, यावर कोण विश्वास ठेवेल? मुद्दाम करतात. लहानपणी मी पाढे चुकलो की मला उभं करायचे, त्याचा हिशेब आता चुकता करतायत.

७ नोव्हेंबर

तालीम क्र. ४. वाक्य छोटं केलं. आता धूर नाही. तीन शब्द. बाबा दोन म्हणतात आणि थांबतात. मग माझ्याकडे बघतात, जसं काही तिसरा शब्द माझ्या चेहऱ्यावर लिहिलाय.

मजेसाठी विचारलं, पोस्ट ऑफिसचा जुना नंबर काय होता? हे ते झोपेतही सांगायचे. बाबांनी तोंड उघडलं. ओठ हलले. मग म्हणाले, लाइन लागत नाही.

मी हसलो. ही हसली नाही. ही म्हणाली, उद्याच्या उद्या मी त्यांना ताईंकडे घेऊन जाते, तुमची समिती गेली खड्ड्यात. बाबाच म्हणाले, राहू दे सूनबाई, शब्द दिलाय मी त्याला. जड जिभेने बोलले. थकवा असेल. आज मी सुद्धा थकलोय. डोकं जड आहे.

रात्री जनरेटर बंद केला तेव्हा कान एकदम मोकळे झाले. सबंध रस्त्यावर बाकीच्यांचे चालूच होते.

१२ नोव्हेंबर

समितीसाठी आरोग्य विभागाकडून आकडेवारी मागवली. अपघाती मृत्यूंच्या तक्त्यात एक नवं सदर दिसलं: घरगुती उपकरण. सप्टेंबरात एक. ऑक्टोबरात अकरा. या महिन्यात आत्तापर्यंत नऊ. फोन करून विचारलं, ही कसली उपकरणं? तिथला कारकून म्हणाला, साहेब, शब्द तुमच्याच कलमातला आहे, आम्ही तोच वापरतो.

लोक मिक्सर नीट वापरत नाहीत. जनजागृतीची गरज आहे. समिती गेल्यावर बघू.

तक्ता खणात ठेवला. खण पुन्हा उघडून तो सगळ्या कागदांच्या खाली ठेवला. जेवण गेलं नाही.

पडद्यावर शून्य. आज ते बघून नेहमीसारखं वाटलं नाही. पडद्याचा रंग थोडा फिका झालाय, तंत्रज्ञाला सांगणे.

१७ नोव्हेंबर

सर्व तयारी पूर्ण. सायकल धुऊन दाराशी उभी केली, येणाऱ्याला दिसेल अशी. हिने बाबांसाठी पलंगाखालची बॅग पुन्हा बाहेर काढून ठेवली आणि ताईला फोन करून परवा सकाळची वेळ सांगितली. मी ऐकत असताना सांगितली, मुद्दाम.

बाबांना आज तीनही शब्द आले. एकदाच आले, पण आले. मी त्यांचा हात हातात घेतला. हात थंड, गाल गुलाबी. त्यांना म्हणालो, बाबा, उद्या झालं की संपलं.

१८ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

जनरेटर आत्ताच लावून घेतला, ऐनवेळी धोका नको. आवाज रस्त्यावर जाऊ नये म्हणून तळघराचं शटर खालपर्यंत ओढायला लावलं. दारात उभं राहून ऐकलं. काहीही ऐकू येत नाही. फक्त पायाखाली थोडं जाणवतं, तेही माहीत असलं तरच.

सहाला समिती. साडेसहाला निघणार. आठला हॉटेलात जेवण आणि माझं भाषण. आता कपडे.

२० नोव्हेंबर. हॉस्पिटल.

काल लिहिता आलं नाही. क्रमाने लिहितो, म्हणजे डोकं जागेवर राहील.

समिती वेळेवर आली. चार जण. बाहेर अंधार, आमच्याकडे सगळे दिवे. प्रमुख बाई म्हणाल्या, सुंदर, आणि हे सगळं सूर्यावर? मी मंद हसलो. बाबा खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा शर्ट. बाईंनी त्यांना नमस्कार केला. बाबा माझ्याकडे वळले, मला दादा म्हणाले आणि विचारलं, या बाईंना कोणता नंबर जोडून देऊ? दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, जो मी पाहिलाही नाही. दुभाष्याने काय सांगितलं कोण जाणे, समिती हसली, एकाने फोटो काढला. मी बाबांना उठवून त्यांच्या खोलीत नेऊन झोपवलं आणि दार ओढून घेतलं, त्यांनी पुन्हा बाहेर येऊन काही बोलू नये म्हणून.

बाई कपाळ चोळत म्हणाल्या, आत जरा कोंदट आहे. लवकर निघाल्या. जाताना त्यांचा फोटोग्राफर म्हणाला, जेवणानंतर परतताना ही उजळलेली इमारत रस्त्यावरून टिपायची आहे, दिवे तसेच राहू द्या. मी पहारेकऱ्याला सांगितलं, मी येईपर्यंत जनरेटर बंद करायचा नाही, कुणीही सांगितलं तरी.

ही बाबांजवळ थांबते म्हणत होती. मी म्हणालो, लाभार्थी कुटुंबाचं निमंत्रण आहे, ते झोपलेत, दोन-तीन तासांचाच प्रश्न आहे. दोनदा म्हणालो. दुसऱ्यांदा आवाज चढवला.

भाषण चांगलं झालं. फोन सायलेंटवर होता.

दंतवैद्यबाई दवाखान्यातून परतल्या तेव्हा जिन्यातच त्यांचं डोकं गरगरलं. त्यांनी पहारेकऱ्याला बाजूला ढकलून शटर वर केलं, जनरेटर बंद केला, आमच्या दाराचं कुलूप तोडायला लावलं. बाबा पलंगावर नव्हते. खोलीच्या दाराशी होते, आतल्या बाजूला. बाईंनी त्यांना ओढत रस्त्यावर आणलं. मूल्यमापन मार्गावर. समितीच्या गाड्या तेव्हा गेलेल्या होत्या की नाही, हे मी कुणालाच विचारलेलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, घरात काही जळत होतं का? मी म्हणालो, अधिकृतरीत्या नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं.

बाबा जिवंत आहेत. श्वास मशीनवर. मशीन हॉस्पिटलच्या जनरेटरवर.

२३ नोव्हेंबर

ही माझ्याशी बोलत नाही. ताई आली, तीही बोलत नाही. दोघी आळीपाळीने बाबांजवळ बसतात. मला बाकावर जागा आहे.

साहेब भेटायला आले. फळं आणली. बाहेर नेऊन हळू आवाजात म्हणाले, केसपेपरवर जनरेटरचा धूर असं लिहिलंय, समितीचा अहवाल अजून यायचाय, कारणाचा शब्द बदलून घेता आला तर बघ. म्हणाले, तूच लिहिलेला शब्द आहे, तुला काय सांगायचं.

मी नाही म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो. वाक्यही तयार होतं.

डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, नातेवाइकाने लेखी दिलं तर बदलतो. लेखी दिलं. घरगुती उपकरण. माझं अक्षर नेहमी चांगलं येतं, आज वाकडं आलं.

३० नोव्हेंबर

बाबांचं मशीन काढलं. स्वतःहून श्वास घेतात. डोळे उघडले. मी वॉर्डच्या बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडलो. डॉक्टर म्हणाले, जीव वाचलाय, बाकी किती परत येईल ते सांगता येत नाही. मी म्हणालो, येईल सगळं, त्यांची स्मरणशक्ती तुम्हाला माहीत नाही.

संकल्प: रोज संध्याकाळी बाबांजवळ बसून जुने नंबर वाचून दाखवणे. घरचा जनरेटर अंगणात हलवणे. ते कलम बदलण्याचा प्रस्ताव तयार करणे. अहवाल आल्यावर.

९ डिसेंबर

अहवाल आला. आपलं शहर शून्य. संध्याकाळी चौकात कार्यक्रम झाला. दिवे होते, भाषणं होती, आणि चहूकडून घरघर एवढी की भाषणं ऐकू येत नव्हती. लोकांनी तोंडाला रुमाल बांधले होते. साहेबांनी मला पुढे ओढलं. या वेळी फोटोत मी पूर्ण आलोय.

प्रस्तावाचा मसुदा अर्धा झाला आहे. संचालक झाल्यावर तो जास्त वजनाने मांडता येईल.

बाबांकडे जाणं झालं नाही. उद्या नक्की.

१५ डिसेंबर

आज ऑर्डर मिळाली. संचालक. ऑफिसातून सरळ हॉस्पिटलला गेलो, गळ्यातला हारही काढला नाही. पहिल्यांदा बाबांनाच सांगायचं होतं. सहावीच्या पुस्तकाचा टोमणा मारतील, मारू देत, असं वाटेतभर म्हणत होतो.

ही आणि ताई औषधं आणायला गेल्या होत्या. बाबा खिडकीशी बसले होते. मला बघून उठायला लागले, मी बसा म्हणालो. त्यांनी हाराकडे पाहिलं आणि विचारलं, आपण कोण?

मी पदनाम सांगितलं.

बाबांनी हात जोडले. म्हणाले, मोठे साहेब आहात, बरं झालं भेटलात. माझा मुलगा तुमच्याच खात्यात आहे. फार उशिरापर्यंत काम करतो. आता अंधार लवकर पडतो आणि घरी त्याची वाट बघणारं माझ्याशिवाय कुणी नाही. तेवढं त्याला वेळेवर सोडत जा.

मी म्हणालो, बघतो.